गाळ कोणी उपसायचा?

गेल्या वर्षी जुलैमध्ये आपल्या ग्रंथालयातील पुस्तकांची देवघेव तीन दिवस बंद होती, हे बहुतेकांच्या स्मरणात असेल. खिडकीवर 'संगणक बंद आहे' अशी पाटी लागली होती आणि तिच्याखाली कोणा विनोदी मित्राने पेन्सिलीने 'डोके चालू आहे का?' असे लिहिले होते. पाटी लावणारी मी. 'कमवा आणि शिका' योजनेत दुसऱ्या वर्षापासून मी ग्रंथालयात रोज दोन तास काम करते. तेव्हा त्या तीन दिवसांत खिडकीबाहेरच्या रांगेतून जे जे बोल ऐकू आले ते मला तोंडपाठ आहेत. "सरकारी काम आणि सहा महिने थांब" इथपासून "एवढी फी घेता कशाला?" इथपर्यंत सगळे. प्राध्यापक मंडळींपैकीही एकदोघे रागावले. त्यांची नावे अर्थातच लिहीत नाही!

संगणकाविषयीचा लेख संगणकवाल्यांनी लिहावा, मराठी विषय घेतलेल्या मुलीने या भानगडीत का पडावे, असे संपादक मंडळातल्या एका मित्राने मला विचारले. त्याला मी तेव्हा उत्तर दिले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर समजावे. कारण त्या तीन दिवसांत मला जे कळले ते यंत्राविषयी थोडे आणि माणसांविषयी पुष्कळ होते.

प्रथम झाले काय ते सांगते. आपल्या ग्रंथालयात 'कोहा' नावाचे सॉफ्टवेअर आहे. पुस्तकांची यादी, कोणते पुस्तक कोणाकडे आहे, दंड किती झाला, हा सर्व हिशोब तेच ठेवते. ते बाईंच्या टेबलाखालच्या एका जुन्या संगणकावर चालते. हा संगणक रोज रात्री सर्व नोंदींची एक प्रत स्वतःच काढून ठेवतो. व्यवस्था उत्तमच, परंतु जुन्या प्रती पुसायला त्याला कोणी सांगितलेच नव्हते. प्रती साठत गेल्या, डिस्क काठोकाठ भरली आणि एका सकाळी त्याने नवी नोंद घेण्याचे नाकारले. माठ भरला की पाणी बाहेर सांडते, इथे नळच बंद झाला, एवढाच फरक. दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. पण काय बिघडले हे कळायला तीन दिवस लागले, कारण ज्याला कळले असते तो माणूस आता इथे नव्हता.

तो माणूस म्हणजे आपल्याच महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी. त्याला इथे मी 'दादा' एवढेच म्हणते. नॅक समिती यायची होती त्या वर्षी त्याने हे सॉफ्टवेअर बसवून दिले. दाखलनोंद रजिस्टरातली हजारो पुस्तके चार मित्रांना हाताशी धरून संगणकात चढवली. उद्‌घाटन झाले, फीत कापली गेली, गटाचा फोटो आपल्याच अंकात छापून आला. फोटोत दादा मागच्या रांगेत डावीकडून दुसरा आहे. पुढची पाच वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी तो येऊन सगळे तपासून जाई. त्याबद्दल त्याला कोणी काही दिले नाही, त्यानेही मागितले नाही. त्याला कधी कोणी चहा विचारला असेल तर तो आपल्या मामांनीच. पुढे त्याला नोकरी लागली, लग्न झाले, वडील अंथरुणाला खिळले, आणि येणे थांबले. थांबलेय हेसुद्धा आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नाही. चाललेच होते ना!

पहिल्या दिवशी बाईंनी त्याला चार वेळा फोन केला. दुसऱ्या दिवशी मी केला. तो रात्री साडेदहाला परत बोलला, तेव्हा मी त्याला म्हटले, "दादा, तुम्हीच बसवून दिलेय, मग तुमची काही जबाबदारी आहे की नाही?" रांगेतल्यांचे बोल ऐकून माझाही पारा चढलेला होता. तो काही क्षण बोललाच नाही. मग म्हणाला, "मी आत्ता दवाखान्यात आहे. उद्या सकाळी सात ते साडेसात मोकळा आहे, तेव्हा संगणकासमोर बस, मी सांगतो तसे कर." दुसऱ्या दिवशी मामांनी पावणेसातला ग्रंथालय उघडून दिले आणि दादाने फोनवरून एकेक अक्षर सांगत ते काम माझ्याकडून करवून घेतले. मी क्षमा मागितली ती नंतर, आठवड्याने. तोवर माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता.

आता 'कोहा'विषयी थोडे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या भागातील सार्वजनिक ग्रंथालयासाठी ते तयार झाले. सन २००० उजाडताना जुनी यंत्रणा कोलमडणार अशी धास्ती होती आणि बाजारातले तयार सॉफ्टवेअर त्या लहान ग्रंथालयाला मानवणारे नव्हते. तेव्हा काटिपो नावाच्या एका छोट्या कंपनीकडून त्यांनी ते लिहून घेतले आणि ३ जानेवारी २००० रोजी ते सुरू झाले. विशेष म्हणजे त्यांनी ते स्वतःपुरते ठेवले नाही. त्याची मूळ संहिता, म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञा जशा लिहिल्या तशा, कोणालाही वाचता याव्यात, बदलता याव्यात, वाटता याव्यात अशी जाहीर केली. यालाच मुक्त स्रोत किंवा ओपन सोर्स म्हणतात. 'कोहा' हा तिथल्या माओरी भाषेतला शब्द. त्याचा अर्थ भेट. पण ही भेट एकतर्फी नसते. घेणाऱ्याने पुढेमागे आपल्या परीने काहीतरी परत द्यावे असे त्यात गृहीत असते. आपल्याकडे कोणाच्या घरून भरून आलेला डबा आपण रिकामा परत पाठवत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आपण डबा रिकामाच ठेवला. परत पाठवलासुद्धा नाही.

कोहाचे त्यातल्या त्यात बरे आहे. जगभरातील ग्रंथालये, काही कंपन्या आणि स्वयंसेवक मिळून ते सांभाळतात, नव्या आवृत्त्या ठरल्या वेळी निघतात. पण कोहा अधांतरी उभे नाही. ते उभे आहे डेबियनवर (ही १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेली प्रणाली), आणि डेबियन उभे आहे शेकडो लहानमोठ्या आज्ञावल्यांवर. यांतल्या कित्येक आज्ञावल्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कोणा एकाने हौसेने लिहिल्या आणि आजही एकदोघेच त्या सांभाळतात. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक नसते, कारण त्या कधी समोर येत नाहीत. पायातला दगड कोणाला दिसतो?

असाच एक दगड म्हणजे 'एक्सझेड'. मोठी फाइल दाबून लहान करणे आणि पुन्हा उलगडणे एवढेच त्याचे काम. डेबियनवर नवीन काही बसवायचे तर त्याची बहुतेक पुडकी याच पद्धतीने बांधलेली येतात. फिनलंडमधील लासे कोलिन हा गृहस्थ जवळजवळ दोन दशके ते सांभाळत आला आहे. हे त्याच्या नोकरीचे काम नव्हे. फावल्या वेळातले, बिनपगारी. जून २०२२ पर्यंत त्याच्यावर पत्रांचा मारा होऊ लागला होता. सुधारणा पडून का आहेत, नवी आवृत्ती कधी येणार, जमत नसेल तर दुसऱ्याकडे का सोपवत नाही, असा सूर. त्याने उत्तर दिले, त्याचा आशय असा: माझा रस गेलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक आजारामुळे माझी शक्ती मर्यादित आहे, आणि हे फुकट केलेले छंदाचे काम आहे हेही ध्यानात ठेवावे. ही पत्रे आजही कोणालाही वाचता येतात. मी ती वाचली आणि मला माझा रात्री साडेदहाचा फोन आठवला. शब्द वेगळे, सूर तोच.

त्याच सुमारास 'जिया टॅन' या नावाने कोणी एक जण मदतीला येऊन राहिला होता. २०२१ च्या अखेरीपासून तो लहानसहान दुरुस्त्या पाठवी. नम्र, नियमित, कामसू. थकलेल्या माणसाला असा मदतनीस म्हणजे देवच पावला! हळूहळू त्याच्या हाती किल्ल्या आल्या. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० आणि मार्चमधल्या ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने एक चोरदरवाजा बसवला होता. दूरच्या संगणकात शिरण्यासाठी जगभर जी 'एसएसएच' नावाची वाट वापरली जाते, तिच्यातून एका विशिष्ट किल्लीवाल्याला हवे ते करता यावे अशी ती योजना होती. चोरी पकडली गेली तीही योगायोगाने. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला आपल्या यंत्रावर या वाटेने आत जाताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. अर्धा सेकंद! आपल्यापैकी कोणी त्यासाठी पापणीही लववली नसती. तो मागे लागला, धागा उसवत गेला, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सर्व जगासमोर मांडले. त्या दूषित आवृत्त्या तोवर बहुतांशी चाचणीच्या पायरीवरच होत्या, म्हणून अनर्थ टळला.

जिया टॅन हा खरोखर कोण, एक की अनेक, हे आजतागायत उघड झालेले नाही. तगादा लावणाऱ्या पत्रलेखकांतही काही खोटी नावे असावीत आणि कोलिनला नमवण्यासाठीच ती पत्रे पाठवली गेली असावीत असे जाणकार मानतात. त्यांतले एक नाव 'जिगर कुमार' असे होते. आपल्या शेजारच्या बाकावरचे वाटावे असे! खोट्या माणसाला हे सोंग वठवता आले, कारण असा तगादा लावणारी खरी माणसे या क्षेत्रात रोज दिसतात. मला या प्रकरणात सर्वांत जास्त हेच बोचले. चोराने कुलूप तोडले नाही. आपल्या नेहमीच्या उद्धटपणाच्या गर्दीत मिसळून तो आत शिरला. प्रकरण उघडकीला आल्यावर घाण उपसायला पुन्हा कोलिनच बसला. मे २०२४ अखेर त्याने स्वच्छ केलेली ५.६.२ ही आवृत्ती काढली.

(आपल्या ग्रंथालयाच्या संगणकावर ती दूषित आवृत्ती आली होती का, असे काहींच्या मनात येईल. नाही. आपला संगणक इतका जुनाट अवस्थेत होता की नवीन काही त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. आळसाने कधीकधी जीव वाचतो. त्याचे कौतुक करू नये एवढेच.)

याच्या दहा वर्षे आधी 'ओपनएसएसएल'चे प्रकरण झाले होते. आपण बँकेचा व्यवहार करताना पत्त्याशेजारी जे कुलूप दिसते, त्यामागचे काम जगातल्या असंख्य ठिकाणी ही आज्ञावली करते. ७ एप्रिल २०१४ रोजी तिच्यातला एक दोष जाहीर झाला. त्याला 'हार्टब्लीड' असे नाव पडले. दोष दोन वर्षे तसाच होता आणि त्यातून यंत्राच्या स्मृतीतले गुप्त तुकडे बाहेर ओढता येत होते. मग लोकांनी विचारले की हे सांभाळते कोण? तेव्हा कळले की पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस आहे, बाकी मूठभर स्वयंसेवक, आणि वर्षाला मिळणाऱ्या देणग्या सुमारे २००० डॉलर! ज्यांचा अब्जावधींचा धंदा या कुलपावर चालला होता त्या कंपन्यांनी मग त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने एक निधी उभा केला. पैसा आला, माणसे नेमली गेली, स्थिती सुधारली. घर जळाल्यावर विहीर खणली म्हणा, पण खणली तरी.

या विषयावर वसतिगृहात माझा एका मैत्रिणीशी चांगलाच वाद झाला. ती अर्थशास्त्राची. तिचे म्हणणे असे की यात अन्याय कसला? त्यांना कोणी बळजबरी केली नव्हती. फुकट दिले, आम्ही फुकट घेतले. परवान्यातच लिहिलेले असते की याची कसलीही हमी नाही. ज्याला परवडत नाही त्याने थांबावे. तिचा मुद्दा मी सहजासहजी उडवून लावत नाही, कारण तो अर्धा खरा आहे. हमी नाही असे लिहिलेले असते, मान्य. पण मग हमी मागण्याचा हक्कही आपल्याला नाही. आपण घेताना परवाना दाखवतो आणि बिघडल्यावर मात्र गिऱ्हाईक होतो! फुकट घेणे हा दोष नव्हे. त्याचसाठी तर ते वाटले होते. फुकट घेऊन वर मालकी गाजवणे हा दोष. गरज सरो आणि वैद्य मरो ही म्हण निदान गरज सरल्यावरची आहे. इथे आपली गरज सरलेली नसतानाच वैद्याला मारायला निघालो आहोत.

"थांबावे" हा शब्दही वाटतो तितका सोपा नाही. चालते सॉफ्टवेअर एकदा लिहून संपत नाही. ते तसेच ठेवले तरी भोवतालचे जग बदलत राहते. नवी यंत्रे येतात, ज्या भाषेत ते लिहिले तिची नवी आवृत्ती येते, ज्या दुसऱ्या आज्ञावलीवर ते टेकलेले असते ती बदलते, नवे चोर नव्या युक्त्या शोधतात. कौलारू घराला दर पावसाळ्याआधी कौले चाळावी लागतात. घर तेच, कौले तीच, तरीही चाळावी लागतात. आणि जुन्या घरात कोणती तुळई कोणत्या भिंतीवर टेकली आहे हे फक्त बांधणाऱ्या म्हाताऱ्याला माहीत असते. नवा उत्साही मुलगा येतो, एक खांब अनावश्यक म्हणून काढतो आणि माळा खाली येतो. त्यामुळे नवे हात हवे असतात तरी त्यांना शिकवायला वेळ लागतो, आणि वेळच तर नसतो. हे दुष्टचक्र मला पुस्तकात वाचून कळले नसते. बाईंनी मला कोहा शिकवायचे ठरवले तेव्हा पहिला महिना त्यांचे स्वतःचे काम दुप्पट झाले होते, हे मी पाहिले आहे.

मदतीच्या नावाखाली होणारा उपद्रव हा आणखी एक प्रकार. त्यात आपले विद्यार्थी मागे नाहीत. दर ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा उपक्रम असतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये चार सुधारणा सुचवा आणि टी-शर्ट मिळवा अशी २०२० मध्ये त्याची रीत होती. त्या वर्षी हजारो निरर्थक सूचनांचा पूर आला. कोणी माहितीपत्रकात 'अप्रतिम' असा शब्द घुसवला, कोणी एक स्वल्पविराम हलवला. हे करणाऱ्यांत भारतातले विद्यार्थी बरेच होते. सांभाळणारे बिचारे दिवसरात्र तो कचरा नाकारत बसले. शेवटी ज्यांनी आधी संमती दिली असेल त्यांच्याच आज्ञावल्या यात धरायच्या असा नियम आयोजकांना उपक्रम चालू असतानाच करावा लागला. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून दोषांचे खोटे अहवाल लिहून घेऊन पाठवण्याची लाट आली आहे. 'कर्ल' ही आज्ञावली पंचवीसहून अधिक वर्षे सांभाळणारे स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी याविषयी अनेकदा जाहीर तक्रार केली आहे. अहवाल दिसायला डौलदार, वाचायला अर्धा दिवस, आणि आत काही नाही. आपल्या प्रकल्पवह्या तपासणाऱ्या प्राध्यापकांना हे दुःख वेगळे समजावून सांगायला नको.

मराठीचा यात काय संबंध, असे विचारणाऱ्या माझ्या विभागातील मित्रांसाठी एक उदाहरण. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे शब्द आपण वेगळे लिहितो. पहिल्यातला र पापणीसारखा आडवा येतो, दुसऱ्यात रफार चढतो. हा भेद न सांभाळला तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो! संगणकाच्या पडद्यावर अक्षरे अशी जोडून नीट मांडण्याचे काम 'हार्फबझ' नावाची एक मुक्त आज्ञावली करते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सर्वांत तीच आहे. तिचे प्रमुख कर्ते बेहदाद एस्फहबोद हे मूळचे इराणचे. तुमच्या-माझ्या भ्रमणध्वनीवर मराठीची जोडाक्षरे सरळ दिसतात यात त्यांचा आणि त्यांच्यासारख्या मूठभर लोकांचा हात आहे, हे आपल्या भाषाशुद्धीच्या परिसंवादांत कधी कोणाच्या तोंडी आल्याचे मला आठवत नाही.

मग करावे काय? पैसा हवा, हे उघड आहे, आणि तो प्रथम ज्यांनी कमावला त्यांनी द्यावा. जर्मन सरकारने २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी स्वतंत्र निधी काढला. आपल्याकडे बंगळुरूच्या झीरोधा कंपनीने २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा 'फ्लॉस फंड' जाहीर केला. हे चांगलेच आहे. परंतु सगळे दुखणे पैशाने बरे होते असे मला वाटत नाही. कोलिनला त्या जूनमध्ये कोणी पाकीट पाठवले असते तरी त्याच्या शेजारी बसणारा विश्वासाचा माणूस त्यातून मिळाला नसता. काही गोष्टी तर बंदही पडू द्याव्यात. प्रत्येक जुनी आज्ञावली अमर झालीच पाहिजे असे नाही, आणि सांभाळणाऱ्याला 'आता मी थांबतो' असे ताठ मानेने म्हणता आले पाहिजे. फक्त ते वेळेवर सांगता यावे, आणि ऐकणाऱ्याने त्याला पळपुटा म्हणू नये. 'व्हिम' हा प्रसिद्ध लेखन-संपादक ब्राम मोलेनार यांनी १९९१ पासून अखेरपर्यंत सांभाळला. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ते वारले तेव्हा आधीपासून काम जाणणारे काही स्वयंसेवक होते म्हणून ते चालू राहिले. त्या सॉफ्टवेअरबद्दल काही द्यावेसे वाटले तर युगांडातल्या मुलांना द्या, असे ते सांगत. असो, विषयांतर झाले.

आपल्यापुरते बोलायचे तर आपल्याला आज्ञावली लिहिता येत नाही ही सबब मी यापुढे ऐकून घेणार नाही. वापराच्या सूचना सोप्या मराठीत लिहिणे, चुकीचे भाषांतर दाखवून देणे, दोष आढळला तर तो केव्हा, कसा, काय केल्यावर झाला हे नेमके चार ओळींत कळवणे, यांतल्या कशाला गणित लागते? शेवटचे काम तर वाङ्मयाच्या विद्यार्थ्याचेच आहे. 'चालत नाही' हे वाक्य नव्हे. ती ओरड आहे. आणि महाविद्यालयाकडे माझी एक स्पष्ट मागणी आहे. फीत कापायला जसा समारंभ होतो तशी देखभालीसाठी अंदाजपत्रकात एक ओळ असावी आणि त्या कामाला एका कर्मचाऱ्याचे नाव लावलेले असावे. 'कमवा आणि शिका'तल्या मुलीच्या भरवशावर सतरा हजार पुस्तकांचा हिशोब ठेवणे बरे नव्हे. मी ही मागणी नोव्हेंबरात लेखी दिली आहे. उत्तर यायचे आहे.

दरम्यान मी एक वही केली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. दादाने फोनवर सांगितलेला प्रत्येक शब्द, रोज सकाळी काय पाहायचे, जुन्या प्रती कधी पुसायच्या, काय केल्यावर काय बिघडते, सगळे मराठीत. दिवाळीच्या सुट्टीत दादा एकदा येऊन गेला. त्याने वही चाळली, तीन चुका काढल्या आणि साठवलेल्या प्रतीवरून सगळ्या नोंदी पुन्हा उभ्या करून पाहिल्या आहेत का, असे विचारले. पाहिल्या नव्हत्या. मग आम्ही दुपारभर तेच केले. पहिल्यांदा फसले, दुसऱ्यांदा जमले. मामांनी चहा आणला, पैसे मी दिले. आता मार्चमध्ये माझी परीक्षा आणि नंतर मी इथे नसेन. मी सूचनाफलकावर चिठ्ठी लावली होती. इतके दिवस कोणी आले नाही. परवा प्रथम वर्षाची एक मुलगी खिडकीशी येऊन म्हणाली, "ताई, मला संगणकातले काही येत नाही, पण माझे अक्षर चांगले आहे." तिला सोमवारी सकाळी साडेदहाला बोलावले आहे. वहीची अजून एकशे साठ पाने कोरी आहेत.